बुधाजी चावीवाल्याची जामीनकी

लालबागच्या चार गल्ल्यांना पाणी किती वाजता सोडायचं ते महापालिका ठरवायची, पण पाणी यायचं बुधाजीच्या हातून. पाणीखात्यात तो चावीवाला होता. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे साडेचारला निघे, रस्त्यातलं झाकण उचली, चावी आत सोडून व्हॉल्व्ह फिरवी, आणि पाच मिनिटांत चाळीतले नळ खाकरू लागत. तेरा वर्षांच्या नोकरीत त्याला कधी उशीर झाला नव्हता. बायका म्हणत, कोंबडा चुकेल, बुधाजी चुकायचा नाही. असल्या माणसाला लोक चांगला म्हणतात. आणि चांगल्या माणसाकडे काय मागायचं, हेही लोकांना बरोबर ठाऊक असतं.

तो दापोलीकडचा. सतराव्या वर्षी मुंबईत आला तेव्हा पाठ टेकायला जागा होती ती एकच, गावमंडळाची खोली. गावच्या बौद्धवाडीतल्या माणसांनी मिळून परळला दहा बाय बाराची खोली घेतली होती. ज्याचं बिऱ्हाड नाही तो तिथं पथारी टाकी. मंडळाला अध्यक्ष होता, वर्गणी होती, इतिवृत्ताची जाडजूड वही होती. कुणाचं लग्न, कुणाचं मयत, कुणाच्या घरावरची कौलं, सगळं त्या वहीत ठराव होऊन मगच व्हायचं. ठराव झाला की तो मोडायची कुणाची छाती नव्हती. गावात ज्यांच्या शब्दाला कुणी विचारलं नाही, त्यांनी मुंबईत आपल्या शब्दाला वजन आणलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मंडळात घरं तेवीस. त्यातली एकवीस गिरणीत, बहुतेक रिंग खात्यात, सूत कातायच्या साच्यांवर. बाविसावा गोदीत, तोही बदली कामगार. तेविसावा बुधाजी.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा तो पंधरा दिवसांत मिटेल असं सगळे म्हणत होते. एप्रिलपर्यंत तो मिटला नाही आणि पंधरा दिवसांत मिटेल असं म्हणणंही थांबलं नाही. एका संध्याकाळी दत्ताराम बुधाजीच्या खोलीत आला. दत्ताराम गावातल्या शेजारच्या घरचा. मंडळाच्या खोलीत दोघांनी सहा वर्षं एका चटईवर काढली होती, आणि आता बिऱ्हाडंही एकाच मजल्यावर, मध्ये दोन दारं सोडून होती.

"लॉन्ड्री टाकतोय," तो म्हणाला. "गाळा बघून ठेवलाय. संप काय रे, दिवाळीच्या आत मिटतो. तोपर्यंत घर चालंल, मग मीरा बसंल दुकानात. सहा हजार लागतात. पतपेढी द्यायला तयार आहे, पण बोलते जामीनदार पायजे. गिरणीवाला चालत नाय, पर्मनंट पगारवालाच पायजे."

"मग?"

"मग काय मग? आपल्यात दुसरा पर्मनंट पगारवाला कोण आहे?"

बुधाजीनं लगेच हो म्हटलं नाही. तो म्हणाला, मंडळात ठेवू.

रविवारी मंडळात ठेवलं. बाबुराव अध्यक्ष होता, साचेवाल्यांतला जुना माणूस, अक्षर मोत्यासारखं. त्यानं वहीत लिहिलं, की दत्ताराम यांच्या कर्जास बुधाजी जामीन राहतील, आणि काही कारणानं हप्ते थकल्यास ते मंडळाची सर्व घरं समान वर्गणीनं भरतील. तेवीस हात वर झाले. दत्तारामचा स्वतःचाही झाला, त्यावर सगळे हसले.

घरी आल्यावर बुधाजीनं बायकोला, रखमाला, सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "पतपेढीत सह्या किती जणांच्या?"

"एकाच्याच. माझी."

"आणि जबाबदार तेवीस?"

"अगं, ठराव झालाय."

"मग त्या ठरावावर पतपेढीवाल्याची सही घ्या," रखमा म्हणाली. बुधाजी हसला. बायकांना मंडळाचा कारभार कळत नाही असं त्याचं तेव्हा मत होतं.

चूक झाली ती इथं. पण ती भोळेपणाची चूक नव्हती. ठरावाप्रमाणे पैसे जमलेले बुधाजीनं डोळ्यांनी पाहिले होते, एकदा नाही, दहादा. कुणाचं घर जळालं, कुणाचा बाप गेला, तेव्हा प्रत्येकानं पगाराच्या दिवशी वर्गणी आणून टाकली होती. फक्त त्या दहाही वेळा पडलेलं घर एक होतं आणि उभी असलेली बावीस. एकवीस घरं एका दिवशी पडली तर वर्गणी कोण कुणाला देणार, हा प्रश्न त्या वहीत कधी आला नव्हता. सगळ्यांचं पोट एकाच भोंग्यावर होतं.

पतपेढीच्या मॅनेजरनं काही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला, "हे बघा, जामीनदार म्हणजे कर्जदारच. फरक एवढाच, की पैसे तो नेतो." कारकून हसला. बुधाजीही हसला. सह्या तीन ठिकाणी होत्या. पहिलं पान त्यानं नीट वाचलं, दुसरं चाळलं, तिसऱ्यापर्यंत मागे रांग लागली होती. तिसरं पान पाणीखात्याच्या नावानं लिहिलेलं पत्र होतं, की हप्ते थकल्यास माझ्या पगारातून कापून पतपेढीस पाठवण्यास माझी हरकत नाही.

सही करताना त्याला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. त्याच्या बापानं गावच्या सावकाराच्या ओट्याखाली उभं राहून अंगठा उठवला होता, आणि तोही पाच रुपयांसाठी. इथं एका ऑफिसात खुर्चीवर बसवून त्याच्या सहीवर सहा हजार रुपये मिळत होते. घरी जाताना त्यानं पोरीसाठी, शैलासाठी, पेढे नेले. शैला दहा वर्षांची होती. पेढे कशाचे म्हणून तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "आपल्या सहीचे."

बुद्धपौर्णिमेला लॉन्ड्री उघडली. पहिल्याच दिवशी इस्त्रीला सव्वीस सफेद शर्ट आले. सव्वीसच्या सव्वीस उधार. दत्ताराम कामाला वाघ होता, कोळशाची इस्त्री दिवसभर हलवी, कॉलर अशी करी की बोट कापेल. पण गिरणगावात संपाच्या वर्षी लॉन्ड्री टाकायची म्हणजे दुष्काळात नाव बांधायची. ज्यांच्या कपड्यांवर दुकान चालायचं ते सगळे घरी बसले होते, आणि घरी बसणारा माणूस बनियनवर बसतो. पावसाळ्यापर्यंत गिऱ्हाईक उधारीचं होतं, पावसाळ्यानंतर तेही राहिलं नाही. दत्तारामनं चार हप्ते भरले. चौथा भरला तो बायकोच्या, मीराबाईच्या, कानातलं मोडून. दिवाळी आली, संप मिटला नाही, गाळेवाल्यानं भाड्यापोटी टेबल आणि दोन्ही इस्त्र्या ठेवून घेतल्या.

बुधाजी ठराव घेऊन निघाला. महिन्याचा हप्ता दोनशे आठ रुपये, घरटी नऊ रुपये आणि काही पैसे. पहिल्या महिन्यात एक्केचाळीस रुपये जमले आणि एका घरातून शेरभर तांदूळ. बाबुरावनं स्वतःचे नऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको त्यातले पाच उसने मागायला आली. रखमानं दिले. दुसऱ्या महिन्यात अकरा जमले. त्यानंतर जमवायला माणसंच नव्हती. निम्मी घरं ट्रंका बांधून गावाला गेली, आणि मंडळाच्या खोलीचंच भाडं थकलं. कुणी शब्द फिरवला नाही. सगळे म्हणत होते, आम्ही जबाबदार आहोत. त्यांची जबाबदारी खरी होती आणि खिसा रिकामा होता.

तरीही एक दिवस बुधाजी इतिवृत्ताची वही काखेत मारून पतपेढीत गेला. मॅनेजरनं ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर फार सुंदर आहे," तो म्हणाला, आणि वही परत दिली.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये दत्ताराम गावाला निघाला. जिन्यात दोघं भेटले. दत्ताराम म्हणाला, "वरकस जमिनीत माझा वाटा आहे. विकतो नि पाठवतो. तुला बुडवीन का रे मी?"

"मी तसं बोललो का?"

"नाय बोललास, तेच तर खातंय मला."

जमीन सात चुलतभावांच्या नावावर होती आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ती विकली गेली नाही. जूनमध्ये गावाहून चाळीस रुपयांची मनिऑर्डर आली, खालच्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं, 'भात लावणीच्या मजुरीचे आहेत, बाकी लवकर.' बाकी आली नाही. दत्ताराम लबाड असता तर बुधाजीला सोपं गेलं असतं. निदान शिव्या घालायला एक माणूस मिळाला असता.

ऑगस्टच्या पगाराच्या पाकिटात दीडशे रुपये कमी होते. बुधाजीला वाटलं मोजण्यात चूक झाली. कॅशियरनं चिठ्ठी दाखवली. तिसरं पान त्यानं तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

दर महिना दीडशे, सहा वर्षं. दंडव्याज धरून दहा हजार आठशे. सहा हजारांतला एक रुपया त्याच्या हाताला लागला नव्हता, एका शर्टाला फुकट इस्त्री तेवढी झाली होती. घरातलं दूध पावशेरावर आलं. रखमा तयार कपड्यांचे धागे कापायचं आणि बटणं लावायचं काम घरी आणू लागली; शैला अभ्यास करता करता बटणं टाचायची, आणि तिला प्रमेयं पाठ म्हणताना सुई चालवायची सवयच लागली. शहाऐंशीत रखमाचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्यासाठी बुधाजीनं महापालिका कामगारांच्या सोसायटीतून कर्ज उचललं, जेवढं मिळत होतं तेवढं सगळं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मीराबाई मुंबईतच राहिली होती, तीन पोरांना घेऊन. आधी चार घरची भांडी केली, मग महापालिकेच्या शाळेत रोजंदारीवर झाडलोट, आणि एकोणनव्वदमध्ये तिथंच ती आया म्हणून कायम झाली. तेवढ्या वर्षांत बुधाजीच्या दारावरून जाताना तिनं कधी मान वर केली नाही. रखमाशी बोलायची, पण पैशाचा विषय निघेल म्हणून लवकर उठायची. रखमानं तो विषय कधी काढला नाही. मनात मात्र रोज काढला, हे तिनं स्वतःच पुढे कबूल केलं.

नव्वद साली शैला बारावी सायन्सला अडुसष्ट टक्क्यांनी पास झाली. तिला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. रक्त तपासायचं, भिंगातून बघायचं, पांढरा कोट घालायचा. सरकारी कोर्सची जागा दोन मार्कांनी हुकली. दादरच्या एका खासगी संस्थेत नाव लागलं. फी आठ हजार, सवलत नाही, शनिवारपर्यंत भरायची. खात्याच्या सोसायटीचं जुनं कर्ज अजून फिटायचं होतं, त्यामुळे तिथं दार बंद. राहिली ती गल्लीच्या तोंडाची पतपेढी. तीच.

मॅनेजर आता पिकला होता. त्यानं बुधाजीला खुर्ची दिली, चहा मागवला.

"पूर्ण कर्ज फेडून गेलेला जामीनदार माझ्या वेळेत तुम्ही एकटेच," तो म्हणाला. "तुम्हाला नाही देणार तर कुणाला देणार? फॉर्म घेऊन जा. फक्त एक पर्मनंट पगारवाला जामीनदार आणा."

बुधाजी फॉर्म घेऊन आधी बाबुरावकडे गेला. बाबुरावचा मुलगा धर्मा बसकंडक्टर होता, कायम झालेला. धर्मानं फॉर्म हातात घेतला, वाचला आणि बापाकडे बघितलं. बाबुराव जमिनीकडे बघत होता.

"बुधाजी," तो म्हणाला, "तुझं घर बघून मीच पोरांना शपथ घातलीय. कुणाला जामीन राहायचं नाय म्हणून. आता ती तुझ्यासाठी कशी मोडायला सांगू?"

"ठराव तुम्हीच लिहिला होता, बाबुराव."

"म्हणून तर शपथ घातली."

दुसरा एक रेल्वेत होता, तो म्हणाला बायकोला विचारतो, आणि बायको दाराआड उभी राहून मान हलवत होती. तिसऱ्यानं दहा रुपये काढून शैलाला बक्षीस दिलं आणि फॉर्मचा विषय बदलला. तोंड पोळलं एकट्या बुधाजीचं, ताक फुंकून प्यायला लागली अख्खी चाळ. त्यांचं चुकलं असंही त्याला म्हणता येईना. ज्याला त्याला धडा हवा असतो, तो त्यानं सहा वर्षं पदरचे पैसे भरून दिला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मीराबाई आली. शाळेतून थेट आली होती, साडीला खडूची भुकटी होती. दारात उभी न राहता सरळ आत येऊन बसली आणि पिशवीतून पगाराची पावती काढली.

"भावजी, फॉर्म द्या. सही मी करते."

रखमाच्या हातातली सुई थांबली. शैलानं झटकन फळीवरून फॉर्म काढून पुढे ठेवला, पेनाचं टोपणही काढून दिलं. इतक्या दिवसांत पोरीचा चेहरा पहिल्यांदा उजळला होता.

"वैनी, तिसरं पान वाचलंत?" बुधाजीनं विचारलं.

"ते काय वाचायचं? सहा वर्षं तुमच्या घरात घडताना बघितलंय."

"मग?"

"मग बघितलंय म्हणूनच आले."

मीराबाईनं पेन उचललं. बुधाजी तिच्या पावतीकडे बघत होता. हातात येणारा पगार त्याच्यापेक्षा कमी होता, आणि त्यावर तीन पोरं, गावाला नवरा आणि सासू. शैला हप्ते फेडेल याची त्याला खात्री होती. तेवढीच खात्री त्याला दत्तारामच्या दानतीबद्दलही होती, आणि ती चुकलीही नव्हती. दत्ताराम प्रामाणिकच निघाला होता. पैसे प्रामाणिकपणामुळे बुडाले नव्हते आणि लबाडीमुळेही नव्हते. उद्या शैलाला नोकरी मिळाली नाही, किंवा तो स्वतः अंथरुणाला खिळला, तर या बाईच्या पाकिटातून दर महिन्याला किती जातील, ते तो आता बसल्या जागी सांगू शकत होता. त्यानं हात पुढे करून फॉर्म ओढून घेतला.

"नको, वैनी."

"का? माझ्या सहीला किंमत नाय?"

"आहे. म्हणूनच नको."

"तुम्ही मला फेडू पण देत नाय," मीराबाई म्हणाली, आणि इतक्या वर्षांत न रडलेली बाई तिथं रडली. "मान खाली घालून किती वर्षं पाणी भरायचं मी?"

"कर्ज दत्तारामनं घेतलं होतं, सही मी केली होती. तुम्ही त्यात कुठं होता?" त्यानं फॉर्मची घडी केली, मग आणखी एक, आणि खिशात घातली. रखमा काही बोलली नाही. ती बोलली असती तर कदाचित तो बदलला असता. त्याच्या या नकारात माया किती आणि भीती किती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शनिवार गेला. पुढच्या आठवड्यात शैला हिंदमाताला साड्यांच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की घड्या घालायच्या. पगार साडेचारशे. तिनं आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही. बुधाजीला तेच जड जात होतं.

महिना भरला तेव्हा तिनं पगाराचं पाकीट आणून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते न उघडता परत तिच्याकडे सरकवलं. "तुझ्याकडेच ठेव. दोन वर्षं साठव. मग फी भर."

"दोन वर्षांनी फी आठच हजार राहील का, आबा?"

शैलानं पाकीट उचललं आणि शांतपणे म्हणाली, "दत्ताकाकासाठी तुम्ही सही दिलीत. माझ्यासाठी एक सही घेतली नाहीत."

रखमानं मान वर केली. बुधाजीकडे जामीनकीवर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. खात्यातली तरुण पोरं फॉर्म भरण्याआधी त्याच्याकडे विचारायला यायची, आणि तो त्यांना तिसरं पान आधी वाचायला सांगायचा. पोरीला सांगण्यासारखं मात्र त्याच्याकडे काही नव्हतं.

"नाही घेतली," तो म्हणाला. "आणि उद्या परत कुणी आलं तरी नाही घेणार, बाळा. तू मला बोल लाव."

"लावतेच आहे," शैला म्हणाली.